जॉनी केरी : आघाडीतून मागे आलेला बचावपटू

सह्यवारा (धागाकर्ता)

आयरिश फुटबॉलपटू जॉनी केरी यांच्याविषयी कोठेही वाचायला घेतले की एक वाक्य हमखास समोर येते : मँचेस्टर युनायटेडकडून ते नऊ निरनिराळ्या जागांवर खेळले आणि वेळ आली तेव्हा त्यांनी गोलही राखला. वाक्य खरे आहे. पण ते इतक्या वेळा सांगितले जाते की केरी म्हणजे हाताशी असावा असा, कोठेही चालून जाणारा एक उपयुक्त खेळाडू, अशी समजूत होऊन बसते. माझे मत वेगळे आहे आणि त्यासाठीच हा धागा काढतो आहे. महायुद्धानंतरच्या सात-आठ वर्षांत इंग्लंडमध्ये जे उजवे फुल-बॅक (कडेचे बचावपटू) खेळले त्यांत केरी यांच्या तोडीचे फार थोडे होते, आणि ते इतके चांगले बचावपटू झाले याचे कारण ते मुळात बचावपटू नव्हते, हेच आहे.

केरी यांचा जन्म २३ फेब्रुवारी १९१९ रोजी डब्लिनमध्ये झाला. मुलगा असताना ते गेलिक फुटबॉलही खेळत. त्या खेळात चेंडू हाताने घेता येतो, उंच झेपावून पकडता येतो आणि लांबवर मारता येतो. पुढे होम फार्म या मुलांच्या नामांकित क्लबातून ते सेंट जेम्सेस गेट या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्याच्या संघात आले. तेथे जेमतेम दोन महिने झाले असतील, तेवढ्यात मँचेस्टर युनायटेडसाठी खेळाडू हेरणारे लुई रोका दुसऱ्याच एका खेळाडूला पाहण्यासाठी डब्लिनला आले आणि त्यांची नजर या सतरा वर्षांच्या मुलावर पडली. नोव्हेंबर १९३६ मध्ये २५० पौंडांना करार झाला. आयरिश लीगमधल्या खेळाडूसाठी ही रक्कम तेव्हा मोठीच होती. युनायटेड त्या काळी आजच्यासारखा दबदबा असलेला क्लब नव्हता, लीगच्या पहिल्या आणि दुसऱ्या विभागात त्याचे वर-खाली चालले होते. २५ सप्टेंबर १९३७ रोजी केरी पहिला लीग सामना खेळले ते डाव्या बाजूचे इनसाइड-फॉरवर्ड (मधल्या आघाडीवीराच्या शेजारी खेळणारे आघाडीवीर) म्हणून. त्याच हंगामात युनायटेड वरच्या विभागात गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केरी नॉर्वेविरुद्ध आयर्लंडकडून पहिल्यांदा मैदानात उतरले.

ऐन विशीत युद्ध आले. आयर्लंड तटस्थ होता, त्यामुळे मायदेशी परतून युद्धाची वर्षे शांतपणे काढणे त्यांना सहज शक्य होते. ज्या देशात आपल्याला भाकरी मिळते त्या देशासाठी लढणे योग्य आहे, अशी भूमिका घेऊन ते ब्रिटिश सैन्यात दाखल झाले आणि मध्यपूर्वेत व इटलीत राहिले. फुटबॉलपटूच्या आयुष्यातली वीस ते सव्वीस ही वर्षे अशी गेली. परतले तेव्हा पायांत पूर्वीची चपळाई होती, पण वयाने ते एकदम प्रौढ झाले होते.

येथे मॅट बस्बी यांचा प्रवेश होतो. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांनी व्यवस्थापक म्हणून युनायटेडची सूत्रे घेतली. बस्बी स्वतः मँचेस्टर सिटीत इनसाइड-फॉरवर्ड म्हणून अडखळत होते आणि मागे हाफ-बॅकच्या, म्हणजे बचाव आणि आघाडी यांच्या मधल्या फळीतल्या, जागी आल्यावरच त्यांचा खेळ बहरला होता. हा अनुभव ज्याच्या अंगावरून गेला आहे त्याला दुसऱ्याच्या खेळात तीच शक्यता लवकर दिसते. त्यांनी केरी यांना आधी हाफ-बॅक आणि मग उजवा फुल-बॅक केले, आणि डावीकडे जॉन ॲस्टन या दुसऱ्या आघाडीवीराला मागे आणले. म्हणजे संघाचे दोन्ही फुल-बॅक जुने आघाडीवीर! त्या काळच्या रिवाजाकडे पाहता हा निर्णय धाडसाचा होता.

रिवाज काय होता ते थोडक्यात सांगतो. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला आणि गोल भराभर होऊ लागले, तेव्हा मधला हाफ-बॅक दोन फुल-बॅकच्या मध्ये मागे ओढला गेला आणि दोन्ही फुल-बॅक बाजूंना सरकून विंगरच्या, म्हणजे कडेने चढाई करणाऱ्या आघाडीवीराच्या, समोर आले. ही डब्ल्यू-एम रचना इंग्लंडमध्ये सर्वत्र रुळली. फुल-बॅकचे काम ठरून गेले : विंगरला गाठायचे, अंगावर जाऊन चेंडू काढायचा आणि तो जमेल तितक्या लांब भिरकावून द्यायचा. चेंडू कोणाकडे जातो हा प्रश्न त्याचा नव्हता. केरी यांनी तो प्रश्न आपला मानला. समोरचा आघाडीवीर आता काय करील हे त्यांना ठाऊक असे, कारण ते स्वतः तेच करत आले होते. त्यामुळे त्यांना अंगावर झेपावण्याची वेळ कमी येई, आणि चेंडू मिळाला की तो हाफ-बॅकला किंवा पुढे उजवे विंगर डेलनी यांना नीट पोचवण्याकडे त्यांचे लक्ष असे. बचाव संपतो तेथेच चाल सुरू होते, ही गोष्ट आज प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. १९४७ मध्ये ती इंग्लिश फुल-बॅकच्या कामात गणली जात नव्हती.

आता १९४८ चा एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली बाद पद्धतीची करंडक स्पर्धा. मार्च १९४१ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर बॉम्ब पडले होते आणि १९४९ च्या ऑगस्टपर्यंत युनायटेडला स्वतःचे मैदान नव्हते, घरचे सामने सिटीच्या मेन रोडवर होत. त्या कप-मोहिमेत तर ज्या दिवशी सिटीचाही घरचा सामना असेल त्या दिवशी तेही मैदान मिळत नसे. म्हणून लिव्हरपूलविरुद्धचा ‘घरचा’ सामना एव्हर्टनच्या गुडिसन पार्कवर आणि चार्लटनविरुद्धचा हडर्सफील्डला झाला. सहाच्या सहा प्रतिस्पर्धी पहिल्या विभागातले होते. ॲस्टन व्हिला या क्लबाने तर पहिल्याच फेरीत चेंडूला आमचा पाय लागण्याआधी गोल केला होता. तो सामना अखेर ६-४ असा जिंकला. (‘आमचा’ हा शब्द ओघात आला, तो तसाच राहू देतो.)

२४ एप्रिलला वेम्बलीवर अंतिम सामन्यात समोर ब्लॅकपूल होता, विंगर स्टॅन्ली मॅथ्यूज आणि स्टॅन मॉर्टेन्सन यांचा. ब्लॅकपूल दोनदा पुढे गेला आणि सत्तराव्या मिनिटापर्यंत २-१ असा पुढेच राहिला. मग युनायटेडच्या रोली, पिअर्सन आणि अँडरसन यांनी बारा-तेरा मिनिटांत तीन गोल केले. ४-२. मला या सामन्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की मागे असतानाही युनायटेडने आपला खेळ बदलला नाही, चेंडू उंच टोलवून नशिबावर सोडला नाही. तो स्वभाव संघाला कर्णधाराकडून मिळाला होता. केरी करंडक घेऊन खाली उतरले, आणि दक्षिण आयर्लंडच्या खेळाडूने कर्णधार म्हणून तो स्वीकारण्याची ती पहिली वेळ होती.

पुढच्या वर्षी फुटबॉल पत्रकारांनी त्यांना वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडले. हा सन्मान नुकताच सुरू झाला होता. पहिला मॅथ्यूज यांना, दुसरा केरी यांना. विंगरच्या पाठोपाठ फुल-बॅकला तो मिळावा, याचा अर्थ पाहणाऱ्यांना काय दिसत होते हे आपण समजू शकतो. लीगमध्ये मात्र चार वेळा दुसरा क्रमांक वाट्याला आला आणि शेवटी १९५१-५२ मध्ये, तब्बल ४१ वर्षांनी, युनायटेड विजेता झाला. त्या वेळी कर्णधार ३३ वर्षांचा होता. क्लबकडून एकूण ३४४ सामने आणि १७ गोल, एवढी आकड्यांची नोंद करून थांबतो. आपले मत जरूर मांडावे.

हाफटाइम

लेख मनापासून आवडला, पण मुख्य मुद्द्यावर माझा आक्षेप आहे. केरी यांना ‘फुल-बॅक’ या एका चौकटीत बसवण्याचा अट्टाहास कशासाठी? १० मे १९४७ रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर ग्रेट ब्रिटनविरुद्ध शेष युरोप हा सामना झाला, तेव्हा केरी युरोपच्या संघाचे कर्णधार होते आणि उजव्या हाफ-बॅकच्या जागी खेळले. १९५१-५२ च्या विजेत्या हंगामातही टॉम मॅकनल्टी फुल-बॅकला आले आणि केरी पुढे हाफ-बॅकला सरकले. म्हणजे दोन मोठ्या प्रसंगी त्यांना ओळखणाऱ्यांनी त्यांना मधल्या फळीतच ठेवले. शिवाय हॅम्पडनवर त्यांच्या संघाने सहा गोल खाल्ले, हेही सांगायला हवे.

सह्यवारा

आक्षेप रास्त आहे आणि त्यातला अर्धा मला मान्य आहे. मॅकनल्टी यांच्यासारखा तरुण फुल-बॅक मिळाला तेव्हा बस्बी यांनी केरी यांना पुढे नेले, कारण तेहतिसाव्या वर्षी विंगरच्या मागे धावण्यापेक्षा मध्ये उभे राहून खेळ मांडणे त्यांना अधिक शोभणारे होते. तेथे त्यांनी जे केले ते फुल-बॅकला करत होते त्याहून फार वेगळे नव्हते, इतकेच मी म्हणेन.

हॅम्पडनविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो. ब्रिटनच्या चारही संघटना फिफामध्ये परतल्या त्याच्या आनंदाप्रीत्यर्थ तो सामना होता आणि सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक आले होते. युरोपच्या संघात फ्रान्सचा गोलरक्षक, स्वीडनचे ग्रेन आणि नोर्डाल, हॉलंडचे विल्केस, इटलीचे पारोला असे एकेक मोठे खेळाडू होते. पण ते कधी एकत्र खेळलेले नव्हते आणि एकमेकांची भाषाही सर्वांना येत नव्हती. समोर मॅथ्यूज, मॅनियन आणि लॉटन. ६-१ हा निकाल लागला यात नवल नाही. त्या दिवसाचे महत्त्व मला वेगळ्याच कारणाने वाटते : अख्ख्या युरोपचे नेतृत्व करण्यासाठी निवडला गेलेला माणूस एका लहान, तटस्थ राहिलेल्या देशाचा होता आणि तरीही त्याने युद्धात गणवेश घातलेला होता.

मांडवी

मला एक गोष्ट उलगडत नाही. केरी यांच्या नावापुढे एके ठिकाणी आयर्लंडकडून २९ सामने दिसतात आणि दुसरीकडे आणखी ७. हे दोन निरनिराळे देश आहेत का? एकाच माणसाला दोन देशांकडून खेळू कसे देत असत?

जुनी कात्रणे

मांडवी, हा प्रश्न विचारलात ते बरे केले, कारण त्या पिढीतल्या आयरिश बचावपटूंची कारकीर्द यावाचून समजतच नाही.

बेलफास्टची आयरिश फुटबॉल असोसिएशन १८८० पासूनची. देशाची फाळणी झाली तेव्हा, १९२१ मध्ये, डब्लिनवाल्यांनी आपली संघटना वेगळी काढली. गंमत नव्हे, गंभीर पेच असा झाला की दोन्ही संघटना आपल्या संघाला ‘आयर्लंड’च म्हणत आणि संपूर्ण बेटावर हक्क सांगत. बेलफास्टची संघटना इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स यांच्याबरोबरच्या स्पर्धेसाठी दक्षिणेतले खेळाडूही निवडत असे. १९२८ ते १९४६ या काळात ब्रिटिश संघटना फिफाबाहेर असल्यामुळे हे थांबवणारे कोणी नव्हते.

याचे टोक १९४६ च्या सप्टेंबरात गाठले गेले. शनिवार, २८ तारखेला बेलफास्टमध्ये केरी एका आयर्लंडकडून इंग्लंडशी खेळले आणि ७-२ असे हरले. सोमवारी, ३० तारखेला डब्लिनच्या डॅलिमाउंट पार्कवर ते दुसऱ्या आयर्लंडकडून त्याच इंग्लंडशी खेळले. या वेळी आयर्लंडने ऐंशी मिनिटे बरोबरी राखली आणि अखेरीस टॉम फिनी यांच्या एकमेव गोलाने सामना गेला. बिल गॉर्मन हेही दोन्ही सामन्यांत होते. दोन दिवसांत दोन आयर्लंड, प्रतिस्पर्धी एकच.

आणि आता ज्यांच्यावर स्वतंत्र धागा निघायला हवा त्या कॉन मार्टिन यांच्याविषयी. जन्म १९२३, डब्लिनजवळच्या रश गावचा. १९४१ मध्ये डब्लिनच्या गेलिक संघातून त्यांनी लेन्स्टर प्रांताचे विजेतेपद मिळवले. पण ते ‘परदेशी’ खेळ खेळतात हे कळताच गेलिक संघटनेने त्यांना बाहेर काढले. सदस्यांनी सॉकर, रग्बी, हॉकी, क्रिकेट खेळूही नये आणि पाहूही नये, असा नियमच होता आणि तो १९७१ पर्यंत टिकला. विजयाचे पदक मार्टिन यांच्या हाती पडले ते कितीतरी वर्षांनी.

गेलिक फुटबॉलने त्यांना जे हात दिले ते मात्र कोणी काढून घेऊ शकले नाही. जून १९४६ मध्ये लिस्बनला पोर्तुगालविरुद्ध आयर्लंडचा गोलरक्षक जायबंदी झाला तेव्हा मार्टिन गोलमध्ये उभे राहिले, तोच त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना. आठवड्याने माद्रिदमध्ये ते सुरुवातीपासूनच गोलरक्षक होते आणि आयर्लंडने स्पेनला १-० असे हरवले. पुढे ॲस्टन व्हिलाचे सेंटर-हाफ (मधले बचावपटू) म्हणून नाव झाल्यावरही १९५१-५२ च्या हंगामात त्यांनी वीसहून अधिक सामन्यांत व्हिलाचा गोल राखला. तेव्हा ‘कोठेही खेळणारा’ हे विशेषण द्यायचेच असेल तर मी ते केरी यांच्याआधी मार्टिन यांना देईन, आणि तेही अभिमानाने देईन.

मार्टिन, ॲहर्न, रायन आणि डेव्ही वॉल्श हे चौघे १९५० च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत दोन्ही आयर्लंडकडून खेळले. एकाच विश्वचषकासाठी दोन संघ, हे फिफाला पटणे शक्यच नव्हते. मार्च १९५० मध्ये रेक्सहॅमला वेल्सशी झालेल्या ०-० बरोबरीनंतर बेलफास्टच्या संघातून दक्षिणेतले खेळाडू दिसेनासे झाले.

मांडवी

आभार. पण खेळाडूंना स्वतःला काय वाटत असेल? मला तर त्या दोन दिवसांच्या कथेत बेटाचे दुःखच दिसते.

सह्यवारा

त्यांच्या मनात शिरून लिहिणे योग्य होणार नाही. मात्र केरी यांनी दोन्ही संघांत तितक्याच निष्ठेने खेळ केला, आणि डब्लिनच्या संघाचे ते अनेक वर्षे कर्णधार होते, एवढे स्पष्ट आहे. तुमच्या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर २१ सप्टेंबर १९४९ च्या सामन्यात सापडेल, म्हणून तो येथे सांगतो.

लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर इंग्लंड विरुद्ध आयर्लंड. इंग्लंडला ब्रिटिश बेटांबाहेरच्या कोणत्याही संघाने घरी हरवलेले नव्हते आणि यजमान जिंकणारच असे सर्वांनी धरले होते. आयर्लंडच्या संघात डब्लिनच्या शॅमरॉक रोव्हर्सचे दोघे होते, गोलरक्षक टॉमी गॉडविन आणि विंगर टॉमी ओ’कॉनर. बाकीचे नऊ इंग्लंडमध्येच पोट भरणारे. इंग्लंडच्या डाव्या फुल-बॅकला होते जॉन ॲस्टन, म्हणजे युनायटेडमध्ये केरी यांच्या पलीकडच्या बाजूला खेळणारे. इनसाइड-फॉरवर्ड जॉनी मॉरिस हेही १९४८ च्या कपविजेत्या संघातले, नुकतेच डर्बी या क्लबाकडे गेलेले. आणि डाव्या विंगला, केरी यांच्या थेट समोर, टॉम फिनी. तीन वर्षांपूर्वी डब्लिनमध्ये गोल करणारे तेच.

फिनी दोन्ही पायांनी सारखेच खेळत, आतही वळत आणि बाहेरूनही जात. अशा विंगरवर झेपावले तर तो निसटतो आणि सोडून दिले तर आत येतो. केरी यांनी त्यांना नव्वद मिनिटांत एकही गोल करू दिला नाही. तेहतिसाव्या मिनिटाला कॉन मार्टिन यांनी पेनल्टीवर गोल केला. उत्तरार्धात इंग्लंडने सतत हल्ले केले, गॉडविन यांनी ते परतवले आणि सामना संपायला पाच मिनिटे असताना एव्हर्टनच्याच पीटर फॅरल यांनी आपल्या रोजच्या मैदानावर दुसरा गोल केला. २-०.

इंग्लंडचा घरच्या मैदानावरचा पहिला परदेशी पराभव म्हणून १९५३ चा हंगेरीचा ६-३ हा विजय सांगितला जातो. हे मला नेहमीच खटकते. हंगेरीने जे शिकवले ते मोठे होते, पण चार वर्षांपूर्वी हे आधीच घडले होते, आणि आयरिश माणसाला परदेशी मानायचे की नाही हे सोयीने ठरवल्यामुळेच ते विसरले गेले.

हाफटाइम

गुडिसनचा हा तपशील मला ठाऊक नव्हता. माझा आक्षेप बराच सैल झाला. व्यवस्थापक म्हणून केरी यांचे काय झाले? एव्हर्टनने त्यांना टॅक्सीत नारळ दिला, एवढेच ऐकून आहे.

जुनी कात्रणे

तेवढेच ऐकायला मिळते हे दुर्दैव आहे. १९५३ मध्ये निवृत्त होऊन ते ब्लॅकबर्नला गेले आणि १९५८ मध्ये त्या संघाला पहिल्या विभागात नेले. मग एव्हर्टन. १९६१ मध्ये अध्यक्ष जॉन मूर्स यांनी लंडनमध्ये टॅक्सीत त्यांना काढून टाकल्याचे सांगितले, आणि तो हंगाम संपला तेव्हा एव्हर्टन पाचव्या क्रमांकावर होता! त्यानंतर वर्षभरात त्यांनी लेटन ओरिएंट या छोट्या क्लबला पहिल्या विभागात चढवले; त्या क्लबच्या इतिहासात तसे पुन्हा कधी घडले नाही. १९६६-६७ मध्ये त्यांचा नॉटिंगहॅम फॉरेस्ट लीगमध्ये दुसरा आला आणि एफए कपच्या उपांत्य सामन्यापर्यंत पोचला. पहिला कोण आला होता? बस्बी यांचा मँचेस्टर युनायटेड.

१९५५ ते १९६७ आयर्लंडचा संघही त्यांच्याकडे होता, पण खेळाडू निवडत असे निवड समिती. आलेल्या अकरा जणांना घेऊन मैदानात जायचे एवढेच व्यवस्थापकाच्या हाती. तरीही १९५७ मध्ये डब्लिनला इंग्लंडविरुद्ध विजय शेवटच्या क्षणी निसटला आणि १-१ बरोबरी झाली; १९६५ मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत स्पेनला डब्लिनमध्ये हरवूनही पॅरिसचा निर्णायक सामना ०-१ असा गेला. स्वतःच्या पसंतीचा संघ त्यांना निवडता आला असता तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

सह्यवारा

जुनी कात्रणे यांनी व्यवस्थापकाची बाजू लिहिली ते उत्तम झाले. माझ्या मूळ मुद्द्याला धरून एकच भर घालतो. बस्बी यांचा तो प्रयोग केरी आणि ॲस्टन यांच्यापाशी थांबला नाही. नोव्हेंबर १९५१ मध्ये लिव्हरपूलविरुद्ध ॲनफील्डवर एक बावीस वर्षांचा डावा फुल-बॅक पहिला सामना खेळला. त्याच हंगामाच्या अखेरीस बस्बी यांनी त्याला विंगवर धाडले, तेथे त्याने सहा सामन्यांत सात गोल केले आणि लीग जिंकायला हातभार लावला. मग तो पुन्हा मागे आला आणि मागेच राहिला. हेडिंगमध्ये तो फारसा चांगला नव्हता, झेपावून चेंडू काढण्यातही नव्हता. पण विंगर कोठे जाणार हे त्याला आधी कळे. पुढे तो युनायटेडचा कर्णधार झाला आणि इंग्लंडकडून सलग ३३ सामने खेळला. तो रॉजर बर्न, १९५८ मध्ये म्युनिकच्या विमान अपघातात गेला. ॲनफील्डवर तो पहिल्यांदा उतरला तेव्हा संघाच्या पुढे चालणारे कर्णधार केरी होते.